दल्ली-राजहराचा दगड

भिलाईतल्या एका मराठी घरात नातवाने शोकेसमधला काळपट दगड उचलला. "आजोबा, केवढा जड आहे हा!" आजोबांनी तो फरशीच्या खरबरीत बाजूवर घासला. रेघ उमटली तांबडी! हीच हेमॅटाइटची खूण.

दगड दल्ली-राजहराचा. तिथलं लोहखनिज १८८७ मध्ये प्रमथनाथ बोस यांनी शोधलं. त्याच्याच जोरावर सोव्हिएत मदतीने भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली.

कारखान्याला लागणारी चुनखडी जवळच्या नंदिनीची. कोकिंग कोळसा मात्र दुरून, बराचसा परदेशातून येतो.

हा कोळसा हवाबंद भट्टीत सुमारे १००० अंशांवर तापवला की कोक तयार होतो. झोतभट्टीत कोक उष्णता देतो, शिवाय खनिजातला ऑक्सिजनही काढून घेतो.

खरी गंमत पुढेच आहे. झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. हा वायू विषारी, पण जळणारा. म्हणून तो साफ करून पुन्हा इंधन म्हणून वापरतात: भट्टीत जाणारी हवा तापवायला, बॉयलरमध्ये वाफ करायला. कोळशाची तेवढीच बचत!