आधी माप, मग वजन

वाई मागे टाकून पसरणीचा घाट चढायला लागले तेव्हा पायांत ताकद होती, दमही शाबूत होता. पण दोन्ही तळहातांना मुंग्या आल्या होत्या आणि सीटवर कशीही टेकले तरी दुखत होतं. पहाटे पुण्यातून निघालेली मी पाचगणीच्या अलीकडेच उतरले आणि सायकल हातात धरून चालू लागले. सरावात कुठेच कमी नव्हते. कमी पडलं होतं ते माप.

ती सायकल मी वजन बघून घेतली होती. दुकानदाराने ती काट्याला अडकवून आकडा दाखवला, मीही ती एका हाताने उचलून पाहिली आणि ‘तुमच्या उंचीला बावन्न नंबर’ एवढ्यावर व्यवहार झाला. माझ्या पायांची, पाठीची, हातांची लांबी कुणी मोजली नाही, मीही मोजायला सांगितलं नाही. दुसरी सायकल घ्यायची वेळ आली तेव्हा मी आधी एका जुन्या कारागिराकडे गेले. पुण्यात सायकली घरोघरी होत्या तेव्हापासून त्यांचा हात या कामावर बसलेला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बजेटचा नव्हता. “ताई, किती तास बसणार?”

“आठ-दहा तास. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे करायचीय, दादा.” ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी; तिच्यात दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. वेगाची घाई नसते, पण तेवढा वेळ शरीर त्या सायकलवर टिकलं पाहिजे.

“मग चपला काढा आणि भिंतीला टेकून उभ्या राहा.”

त्यांनी एक जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक दिलं. पुस्तकाची एक कड भिंतीला लावून ते दोन्ही पायांच्या मध्ये, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढं वर धरायचं. वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलची रेघ मारली आणि जमिनीपासून टेपने मोजलं: ७६ सेंटिमीटर. या आकड्याला ०.८८३ ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पायडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या आसाच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मिळतं, माझ्यासाठी ६७ सेंटिमीटर. टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लमाँड यांच्या नावाने हे गणित ओळखलं जातं. हा शेवटचा शब्द नाही, पण सुरुवात करायला पक्का आधार आहे.

मग दोन फ्रेमचे तक्ते समोर आले. दोन्हींवर ‘५२’ लिहिलेलं. दादांनी त्या आकड्यावर अंगठा ठेवला आणि खालच्या दोन ओळी वाचायला सांगितल्या: स्टॅक आणि रीच. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हँडलच्या नळीचं तोंड किती उंच आहे, तो स्टॅक. आणि तेच तोंड किती पुढे आहे, तो रीच. पहिल्या फ्रेमचा स्टॅक ५२० मिलिमीटर आणि रीच ३८४. दुसरीचा स्टॅक ५५० आणि रीच ३७०. म्हणजे नंबर एकच, पण दुसऱ्या फ्रेमवर हँडल तीन सेंटिमीटर वर आणि जवळपास दीड सेंटिमीटर अलीकडे. पहिली शर्यतीची ठेवण, दुसरी लांब पल्ल्याची. माझी जुनी सायकल पहिल्या जातीची होती. हँडल गाठायला मी ताणली जात होते, अंगाचा भार तळहातांवर येत होता आणि तिथल्या नसा दबत होत्या. घाटातल्या मुंग्यांचं कारण कागदावर दोन ओळींत सापडलं.

धातूचा प्रश्न त्यानंतरचा. स्टील ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड, पण ताठपणाही तिप्पट. म्हणून स्टीलच्या नळ्या बारीक चालतात आणि ॲल्युमिनियमच्या जाड घेराच्या घ्याव्या लागतात. स्टीलच्या चांगल्या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात, कारण ताण सांध्यांवर येतो. रेनल्ड्स कंपनीच्या १९३५ साली आलेल्या ‘५३१’ नळ्यांचं नाव जुने सायकलस्वार आजही आदराने घेतात. कार्बनमध्ये सगळा खेळ धाग्यांच्या दिशांचा. कुठे थर आडवे, कुठे उभे घातलेत यावर फ्रेम एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लवचिक होते. ती वजनाला सर्वांत हलकी, पण जोराचा मार बसला तर आतली चीर वरून दिसेलच असं नाही.

दादांनी मात्र बोट ठेवलं मागच्या चाकाजवळच्या फटीवर. “इथे किती जाडीचा टायर बसतो ते बघा. खड्ड्याचा धक्का आधी टायर खातो, मग फ्रेमपर्यंत येतो.” माझ्या जुन्या फ्रेममध्ये २५ मिलिमीटरच्या वरचा टायर जात नव्हता, त्यामुळे त्यात हवा ठासून भरावी लागे आणि रस्त्याचा प्रत्येक खडा मणक्यात जाणवे. मी घेतली ती ॲल्युमिनियमची, कार्बनच्या चिमट्याची आणि ३२ मिलिमीटरचा टायर सामावणारी फ्रेम. कार्बनच्या फ्रेमपेक्षा ती सुमारे चारशे ग्रॅम जड आहे. आपल्या रस्त्यांवर तो रुंद टायर मला त्या चारशे ग्रॅमपेक्षा मोलाचा वाटतो.

आता सीट. आपण माकडहाडावर बसतो असा अनेकांचा समज असतो. सायकलवर भार येतो तो ओटीपोटाच्या सांगाड्याच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर. त्यांच्यातलं अंतर माणसागणिक वेगळं असतं, बायकांमध्ये ते सहसा जास्त. ते मोजायला दादांनी खोक्याचा नालीदार पुठ्ठा कापला, दुकानाच्या पायरीवर ठेवला आणि म्हणाले, “बसा. थोडं पुढे वाका, टाचा उचला.” अर्ध्या मिनिटाने उठले. पुठ्ठ्यावर आधी काही दिसेना. त्यांनी खडू आडवा धरून हलक्या हाताने घासला आणि दोन गोलसर खळगे कोरे उमटले. मध्यापासून मध्यापर्यंत १३२ मिलिमीटर. हाडांना दोन्हीकडून टेकायला जागा हवी म्हणून त्यात दोनेक सेंटिमीटर वाढवून १५५ मिलिमीटर रुंदीची सीट ठरली. माझ्या जुन्या सायकलची सीट होती १३०.

जाड जेलची मऊ गादी मी आधी वापरून पाहिली होती. पहिला तास सुखाचा जातो. मग हाडं गादीत रुततात, मधला भाग वर येतो आणि नाजूक जागेवर दाबतो. बधिरपणा तिथूनच सुरू होतो आणि तो अंगावर काढायचा नसतो, कारण तो नसा आणि रक्तवाहिन्या दबल्याचा इशारा असतो. म्हणून बऱ्याच सीटच्या मध्ये खाच असते. आपण जितकं पुढे वाकून चालवतो, तितकी तिची गरज जास्त.

चामड्याची सीटही चालवून पाहिली. ब्रूक्स ही बर्मिंगहॅममध्ये १८६६ साली घोड्यांच्या साजाच्या चामडी कामातून सुरू झालेली कंपनी. तिची बी-१७ ही सीट बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे हळूहळू आकार घेते. पण ती अर्ध्या किलोच्या आसपास भरते आणि आमच्या पावसाळ्यात तिला फार जपावं लागतं. दुसऱ्या टोकाला कार्बनची, दीडशे ग्रॅमच्या आतली. तिच्या रेल, म्हणजे सीटखालच्या दांड्या, अंडाकृती असतात, साध्या गोल रेलच्या पकडीत त्या नीट बसत नाहीत, हे विकत घेण्याआधी तपासावं. मी घेतलेली सीट २३५ ग्रॅमची, आखूड नाकाची, मध्ये खाच असलेली आणि घट्ट फोमची आहे.

हलकेपणाचा हिशेबही मांडला. मी, सायकल आणि पाणी मिळून ७३ किलो. सीटमध्ये दीडशे ग्रॅम वाचवले तर तासाभराच्या चढात सातेक सेकंद वाचतात. दुखणाऱ्या सीटवरून एकदा उतरलं की एवढे सेकंद पाण्याची बाटली काढण्यातच जातात.

शेवटी बसवणं. दादांनी सीटवर फळी ठेवली, फळीवर पाणसळ ठेवली आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत बोल्ट फिरवला. नाक खाली झुकलं तर अंग पुढे घसरतं आणि भार पुन्हा हातांवर येतो. मग पायडल आडवं धरून गुडघ्याच्या वाटीपासून ओळंबा सोडला. तो पायडलच्या दांड्यावर येईपर्यंत सीट चार मिलिमीटर मागे सरकवली. गवंड्याच्या या दोन साध्या हत्यारांनी माझं दोन वर्षांचं दुखणं थांबवलं.

गेल्या हिवाळ्यात त्याच घाटातून न उतरता पाचगणीला पोचले. सायकल आधीच्यापेक्षा जड होती. तुम्ही सायकल घ्यायला निघाला असाल, तर काट्यावरचा आकडा सर्वांत शेवटी विचारा. आधी घरच्या पायरीवर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून बसा, त्या दोन खळग्यांमधलं अंतर मोजा, भिंतीवर पेन्सिलची रेघ मारा, आणि ते दोन आकडे खिशात घेऊनच दुकानाची पायरी चढा.