तो आला कशासाठी?

इसवी सन 325. आजच्या तुर्कस्तानातलं इझ्निक म्हणजे तेव्हाचं नायसीया. सम्राट कॉन्स्टंटाईनच्या बोलावण्यावरून तिथे बिशप जमले होते आणि वाद पेटला होता तो ख्रिस्त नेमका कोण यावर. तो देवपित्याच्याच तत्त्वाचा, की कितीही थोर असला तरी देवाने निर्माण केलेला? परिषदेने जो मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली, तयार केला, त्यात या प्रश्नापायी शब्दन् शब्द पारखून घेतला आहे. तो माणसांच्या तारणासाठी खाली उतरला, असंही त्यात आहे. पण हे तारण घडलं कसं, याबद्दल अक्षरही नाही. पुढे 451 साली कॅल्सिडनच्या परिषदेत तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस असल्याचं ठरलं. तारणाच्या या प्रश्नाला मात्र एकच एक अधिकृत उत्तर तिथेही दिलं गेलं नाही. ज्या धर्मात एकेका शब्दावरून फुटी पडल्या, त्याने आपला सगळ्यांत जिव्हाळ्याचा प्रश्न इतका मोकळा ठेवावा, हे मला विलक्षण वाटतं.

येशूच्या काळात पुष्कळांना मशीहा, म्हणजेच ख्रिस्त, कशासाठी येणार याचं उत्तर ठाऊक असल्यासारखंच वाटत होतं. मशीहा हा अभिषेक झालेला राजा, दावीदच्या वंशातला. यहुद्यांचा देश रोमच्या टाचेखाली होता. मशीहा येईल, परक्यांना हुसकून लावील, यरुशलेमेत न्यायाचं राज्य आणील, अशी आस होती. ती सगळीकडे एकसारखी नव्हती. मृत समुद्राकाठी कुमरानला सापडलेल्या गुंडाळ्यांत तर एक याजक आणि एक राजा अशा दोन अभिषिक्तांची वाट पाहिलेली दिसते. पण रोमन शिपायांच्या हातून वधस्तंभावर मरणारा मशीहा या चित्रात बसणं अवघडच होतं. मार्कच्या शुभवर्तमानात शिष्य पेत्र येशूला मशीहा म्हणून ओळखतो, आणि लगेच येशू सांगू लागतो की मला दुःख सोसावं लागणार, मला मारलं जाणार. पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. माणूस अचूक ओळखला, पण तो कशासाठी आलाय हे मुळीच उमगलं नाही!

मग तो आला कशासाठी? शुभवर्तमानांत यावर येशूच्याच तोंडी निरनिराळी उत्तरं आहेत. मार्कमध्ये तो सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला आहे. योहानामध्ये रोमन सुभेदार पिलातासमोर उभा असताना तो म्हणतो की मी सत्याची साक्ष द्यायला आलो. आणि लूकमध्ये यरीहोतला जक्कय भेटतो. हा जकातदारांचा मुखिया, रोमनांसाठी वसुली करून गबर झालेला. ठेंगणा असल्यामुळे गर्दीत काही दिसेना, म्हणून उंबरावर चढून बसलेला. येशू वर बघतो, नाव घेऊन हाक मारतो आणि आज तुझ्याच घरी उतरायचंय म्हणून सांगतो. लोक कुरकुरतात. जक्कय अर्धी मालमत्ता गोरगरिबांना द्यायला आणि लुबाडलेलं चौपट परत करायला तयार होतो. हरवलेल्यांना शोधायला आणि तारायला मी आलो, हे येशू बोलतो ते या घराबद्दल.

खंडणी म्हटली की ती कोणाला, हे विचारावंच लागतं. चौथ्या शतकात न्यिसाच्या ग्रेगरीने उत्तर दिलं, सैतानाला. मानवी देहाच्या आमिषात देवत्वाचा गळ लपलेला होता, सैतानाने आमिष गिळलं आणि तो फसला. त्याचाच स्नेही, नाझियान्झसचा ग्रेगरी, याला सैतानाला मोबदला मिळावा ही कल्पनाच सहन होईना. लुटारूला खंडणी, आणि तीही साक्षात देवाची? बरं, पित्याला दिली म्हणावं, तर अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, अर्पण करायला निघाला तेव्हा ज्याने ते अर्पण घेतलं नाही, तो स्वतःच्या पुत्राच्या रक्ताने कसा सुखावेल?

मला स्वतःला त्या शतकातलं सगळ्यांत सुंदर उत्तर वाटतं ते अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसचं. तो म्हणतो, लाकडी फळीवर रंगवलेलं एखाद्याचं चित्र डागांखाली पुसट झालं, तर फळी कोणी फेकून देत नाही. ज्याचं ते चित्र, त्यालाच पुन्हा समोर बोलावतात आणि त्याच लाकडावर त्याचं रूप नव्याने उतरवतात. रोमन काळातल्या इजिप्तमध्ये मृतांच्या चेहऱ्यांवर अशा रंगवलेल्या फळ्या बसवत, त्यातल्या कितीतरी आजही संग्रहालयांत आहेत, तेव्हा हा दाखला त्याच्या मातीतलाच. माणूस देवाच्या प्रतिरूपात घडलेला होता. ते रूप मळलं, माणूस पुन्हा नाहीसेपणाकडे घसरू लागला, म्हणून ज्याचं ते रूप तो स्वतः आला. माणसाची किंमत किती, याचा पुरावा अथनेशियसला त्या येण्यातच दिसतो.

सातशे वर्षांनी कॅन्टरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म राजाशी बिनसल्यामुळे परागंदा झाला आणि 1098 मध्ये इटलीत त्याने याच प्रश्नावरचा आपला ग्रंथ पुरा केला. ग्रंथ म्हणजे बोसो नावाच्या संन्याशाशी चाललेला संवाद आहे. मनापासून पश्चात्ताप केला की पाप फिटत नाही का, असं बोसोला वाटतं. अन्सेल्म त्याला अडवतो. समजा, देव म्हणाला, तिकडे बघू नकोस, आणि तू एकदा नजर टाकलीस तर सगळं विश्व वाचणार असेल, तर टाकशील? बोसो विचारात पडतो आणि कबूल करतो की तरीही टाकता कामा नये. मग एका नजरेचं ऋण विश्वाहून जड ठरलं! ते फेडायचं माणसाने, पण फेडण्याची ऐपत फक्त देवाची. म्हणून देव माणूस झाला. सैतानाला काही देणं लागतं, हे अन्सेल्मने साफ धुडकावलं. पुढच्याच पिढीत पॅरिसच्या आबेलारने जोर दिला तो प्रेमावर: इतकं प्रेम पाहून माणसाच्या मनातही प्रेम पेटावं, म्हणून तो आला.

आपल्या भाषेत हा प्रश्न पोचला तो ओव्यांतून. इंग्लंडहून आलेल्या थॉमस स्टीफन्स या जेझुइट पाद्रीचं सुमारे अकरा हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यात सासष्टीतल्या राशोलला छापलं गेलं. त्याचे दोन भाग आहेत, आणि पहिला अख्खा भाग ख्रिस्तजन्माच्या आधीच्या कथेला दिलेला आहे: सृष्टी, आदामाचं पतन, मग पिढ्यान् पिढ्यांचं वाट पाहणं. श्रोत्याला ही वाट पाहायला लावणं हेच स्टीफन्सचं स्पष्टीकरण आहे, असं मला वाटतं.

हे सगळे एक गोष्ट धरून चाललेले दिसतात: माणूस बिघडला, म्हणून ख्रिस्त आला. आदामाने पाप केलं नसतं तर? मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनसने उत्तर देताना फार जपून पावलं टाकली. शास्त्रात जिथेतिथे पाप हेच कारण दिलंय, तेव्हा बहुधा तो आला नसता. अर्थात देवाला काही अशक्य नव्हतं. पण 1308 मध्ये वारलेला फ्रान्सिस्कन पंडित डन्स स्कोटस हे मानायला तयार नव्हता. देवाची सर्वश्रेष्ठ कृती एका चुकीवर अवलंबून कशी असेल? मग तर ख्रिस्ताच्या वैभवासाठी आपण आदामाच्या पतनाचा आनंद मानायला हवा! स्कोटसच्या मते देवाला सृष्टीआधीच हवा होता तो असा कोणी, जो सृष्टीच्या आतून त्याच्यावर पुरेपूर प्रेम करील. येणं तेव्हाच ठरलेलं होतं. आदाम चुकल्यामुळे बदललं ते इतकंच, की येणाऱ्याला मरणही सोसावं लागलं.