कोशिंबिरीच्या पानांचा वाफा

कोशिंबीर म्हटली की मराठी गृहिणीच्या डोळ्यांपुढे काकडी, मुळा किंवा गाजर येते; कोवळी पाने कच्ची खाण्याचा प्रघात आपल्याकडे थोडा. जपानात क्योतोच्या परिसरात मात्र ‘मिझुना’ नावाची पालेभाजी पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. ‘मिझु’ म्हणजे पाणी आणि ‘ना’ म्हणजे भाजी. हिची पाने कातरलेली, देठ पांढरे व रसाळ आणि चव किंचित तिखट असते. तेथे ती लोणच्यात व हिवाळ्यातील कढत रश्श्यात घालतात; कोवळी असता कच्चीही खातात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने चीनमधील पाकचोय आणि आपल्याकडील सलगम ही तिच्याच जातीची भावंडे होत.

या भाजीला थंडी मानवते. ऊन तापू लागले आणि दिवस मोठा झाला की झाड पाने धरण्याचे सोडून फुलोऱ्यावर येते. मग पाने राठ व कडवट होतात. फाल्गुनात बी टाकणाराच्या पदरी निराशा येते ती यामुळेच. इंदूर-ग्वाल्हेरकडे दिवाळीच्या सुमारास, तर गोव्यात पाऊस सरून हवा गार झाल्यावर पेरणी करावी.

बी मोहरीसारखे बारीक असते. वाफ्यात अथवा वीतभर खोल कुंडीत ते ओळीने, जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरावे आणि झारीने पाणी द्यावे. चारपाच दिवसांत अंकुर दिसतात. 3 ते 4 आठवड्यांत पाने खुडण्याजोगी होतात. रोप उपटू नये. मातीपासून दोन बोटे वर कात्रीने पाने कापावीत. गाभ्यातील कोंब शाबूत राहिला तर त्यातूनच नवी पाने फुटतात आणि एका पेरणीत दोनतीन तोडे मिळतात. कोंब कापला गेला की तोडे खुंटतात.

सर्वांत मोठी दक्षता स्वच्छतेची. शिजविलेल्या भाजीला अग्नीचे संरक्षण असते; कच्च्या पानाला ते नसते. म्हणून या वाफ्याला मोरीचे सांडपाणी किंवा ताजे शेण घालू नये. पुरते कुजलेले खतच वापरावे. अळ्या सकाळी हाताने वेचाव्यात, विषारी फवारा टाळावा. पाने वाहत्या, पिण्याजोग्या पाण्यात नीट धुऊन मगच ताटात वाढावीत.

सारे बी एकदम न टाकता दर पंधरवड्यास एकेक ओळ पेरली, तर थंडी असेतो घरापुरती कोवळी पाने मिळत राहतात.