कागदाची भाषा, अरामी

पुण्याच्या रास्ता पेठेत सुक्कथ शेलोमो हे बेने इस्रायली या यहुदी समाजाचं १९२१ सालचं सिनेगॉग आहे. आमच्या कुंभारी गावाहून तिथल्या एका लग्नाला गेलो, तो जेवणापेक्षा कतुबा बघायला. कतुबा म्हणजे लग्नाचा करारनामा. पाहुण्यांची आपसातली बोलणी चोख मराठीत, प्रार्थना हिब्रूत, आणि करार मात्र अरामीत.

करार आधीच मांडून ठेवला होता, त्यामुळे नीट पाहता आला. मजकूर ठरलेला असतो. वार, तिथी, जगाच्या उत्पत्तीपासून मोजलेलं साल, गाव, वधूवरांची आणि त्यांच्या वडिलांची नावं एवढंच भरायचं. पहिल्या लग्नाच्या वधूला दोनशे झूझ, हा जुना चांदीच्या नाण्यांतला आकडा आजही तसाच लिहितात. ओळी उजवीकडून डावीकडे जातात. ओळ अपुरी पडली की लिहिणारा शेवटचं एखादं अक्षर आडवं ताणून ती कडेपर्यंत नेतो. मजकूर आणि सह्या यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवत नाहीत. मागाहून कुणी चार शब्द घुसडायला नकोत. आपल्या दस्तलेखकाला हे सांगावं लागणार नाही. साक्षीदार दोन, आणि तेही वधूवरांच्या नात्यातले नकोत. सह्यांआधी नवरदेवाने एका साक्षीदाराच्या हातातला रुमाल धरून उचलला. म्हणजे बोलणं पक्कं झालं. मग हझानने, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याने, करार मोठ्याने वाचला. तोवर फोटो काढणारेही थांबले होते.

अरामीच का? बाबिलोनच्या बंदिवासानंतर यहुदी लोकांच्या बाजारात आणि कचेरीत हीच भाषा रुळली. इराणच्या हखामनी साम्राज्याचा कारभार तिच्यात चाले. इजिप्तमधल्या एलेफंटाइन बेटावर इ. स. पूर्व पाचव्या शतकातले यहुदी विवाहकरार सापडले, तेही अरामीत. करार ज्यांच्यावर बंधनकारक, त्यांना तो कळला पाहिजे, इतका साधा हिशेब. आमच्या कुंभारीत विडी वळणाऱ्या घरांत तेलुगू, बाजारात मराठी आणि कन्नड चालते, त्यामुळे हा हिशेब मला लगेच पटला.

खुद्द धर्मग्रंथातही अरामी बरीचशी कागदपत्रांच्या वाटेनेच आलेली दिसते. ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात लाबान आणि याकोब, म्हणजे सासरा आणि जावई, समझोता करून साक्षीला दगडांची रास रचतात. लाबान त्या राशीला अरामी नाव देतो. जुन्या करारात अरामी पहिल्यांदा भेटते ती इथे, साक्षीच्या कामावर! एज्राच्या पुस्तकात यरुशलेमच्या बांधकामाविरुद्ध बादशहाकडे गेलेली तक्रार आणि त्याचं उत्तर अरामीत आहे. यिर्मयात एकच वचन. दानीएलाचा २ऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून ७व्या अध्यायाच्या अखेरपर्यंतचा भाग मात्र कचेरीतला नाही. तिथे स्वप्नं आहेत, सिंहांची गुहा आहे. आज हिब्रूची म्हणून ओळखली जाणारी चौकोनी अक्षरंही मुळात अरामी लिपीतूनच आली.

माझ्या मते अरामी टिकली त्यात पावित्र्यापेक्षा दस्ताच्या चिवटपणाचा वाटा मोठा आहे. एकदा कायद्याचा मजकूर ठरला की त्यातला शब्द बदलायला कोणी धजत नाही.

वाचून झाल्यावर कतुबा नवरीच्या हवाली झाली. ती तिचीच मालमत्ता. हरवली तर नवी लिहून घेईपर्यंत नवराबायकोने एकत्र राहायचं नाही, असा धर्मशास्त्राचा नियम आहे.