राखीव सेना आणि बदली शिपाई

सप्टेंबर १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर इंग्रजांनी शिंदे-भोसल्यांचा पराभव केला, हे आपण शाळेत शिकलो. परंतु त्याच वर्षी इंग्रजांच्या स्वतःच्या घरी काय चालले होते, हे फारसे कोणी सांगत नाही. इंग्लिश खाडीपलीकडे बूलोन येथे नेपोलियनची फौज जमत होती. ती आज ना उद्या आपल्या किनाऱ्यावर उतरणार, या धास्तीने ब्रिटनची झोप उडाली होती.

या धास्तीतूनच जुलै १८०३ मध्ये पार्लमेंटने राखीव सेनेचा कायदा केला. ५० हजार माणसे उभी करावयाची. अठरा ते पंचेचाळीस वर्षांच्या पुरुषांच्या याद्यांतून चिठ्ठ्या टाकावयाच्या. ज्याचे नाव निघेल त्याने शिपाई व्हावयाचे. मात्र त्याच्या संमतीवाचून त्याला परमुलुखात धाडावयाचे नाही. रक्षण करावयाचे ते स्वदेशाचे.

कागदावर हा कायदा समतेचा होता. चिठ्ठी सावकार ओळखीत नाही आणि मजूरही ओळखीत नाही. परंतु कायद्याच्या भिंतीला एक दार ठेवले होते. नाव निघालेल्याने दंड भरावा किंवा पैसे देऊन आपल्या जागी दुसरा माणूस उभा करावा, की तो सुटला!

आम्हां कामगारांना 'बदली' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या, तेव्हा बदली कामगार रोज सकाळी दाराशी ताटकळत, कोणी गैरहजर राहील तर आपली चूल पेटेल या आशेने. इंग्लंडात तेच झाले, फक्त सांच्याऐवजी बंदूक होती. भरती झालेल्यांत बहुसंख्य बदली शिपाईच होते. बदलीच्या खर्चासाठी लोकांनी वर्गणीची मंडळे काढली. बदलीचा भाव इतका चढला की, थोड्या बक्षिसावर कायम फौजेत जाणारा माणूस तिकडे फिरकेना. शिवाय स्वयंसेवक पथकात नाव घातले की चिठ्ठीतून सूट मिळे. ती पथके भराभर फुगली.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, या सेनेतील पुष्कळ जण पुढे स्वखुशीने कायम फौजेत गेले. तथापि ५० हजारांचा आकडा काही गाठला गेला नाही, आणि १८०४ मध्ये सरकारला दुसरी योजना आणावी लागली.

आपल्या देशात १९४८ च्या कायद्याने प्रादेशिक सेना स्थापन झाली. तिच्यात चिठ्ठी नाही. माणूस स्वेच्छेने जातो. पण त्या कायद्यातील एक कलम मला फार मोलाचे वाटते. सेवेवर बोलावलेला नोकरदार परत आला म्हणजे मालकाने त्याला, पूर्वीहून वाईट नसलेल्या अटींवर, कामावर घेतले पाहिजे. सीमेवर उभ्या असलेल्या माणसाला घरच्या भाकरीची काळजी नसावी, हे त्यातले मर्म आहे.

म्हणून असा कोणताही कायदा समोर आला की, किती माणसे उभी राहणार एवढेच विचारून थांबू नये. पैसेवाल्यासाठी मागचे दार आहे काय, आणि गरिबाची जागा राखली आहे काय, हेही विचारावे. ओझे सर्वांच्या खांद्यावर असेल, तरच देश सर्वांचा वाटतो.