चौरसाचे गणित आणि हक्काचे घर

रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाली, की मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. पाचवी ते आठवीची पंधरा-वीस मुले येतात. एका रविवारी मी फळ्यावर एक चौरस काढला. त्याच्या एका बाजूवर १५ फूट असे लिहिले आणि विचारले, "याचे क्षेत्रफळ किती?"

निम्मा वर्ग एका सुरात ओरडला, "साठ!" दोन-तीन मुलांनी "बाजू गुणिले बाजू" हे सूत्र म्हणून दाखवले आणि २२५ हे बरोबर उत्तर काढले. पण "२२५ काय?" असे विचारल्यावर कोणी बोलेना. एक जण हळूच म्हणाला, "फूट." बाकीचे फळ्याकडे पाहत राहिले.

यात मुलांचा दोष नाही. सूत्र पाठ होते, परीक्षेत दोन गुणही मिळतात. पण ते सूत्र आपल्या घरात, आपल्या कागदात कुठे बसले आहे, हे कोणी दाखवत नाही. आणि हे न कळल्यामुळे आपल्या माणसांचे नुकसान कसे होऊ शकते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून आज कौटुंबिक पानावर गणित घेऊन आलो आहे. वाचकांनी घाबरू नये.

पताका आणि लाद्या

विहाराच्या जमिनीवर एक-एक फुटाच्या चौरस लाद्या आहेत. मी मुलांना खडूने तीन लाद्या लांब आणि तीन लाद्या रुंद अशी चौकट आखायला सांगितली. आत लाद्या किती? मोजल्या, नऊ भरल्या. मग पाच लांब, पाच रुंद अशी चौकट आखली. एका रांगेत पाच, अशा पाच रांगा, म्हणजे पंचवीस. आता १५ फुटांची चौकट मनाशी धरा. एका रांगेत १५ लाद्या आणि अशा १५ रांगा. एकेक लादी मोजत बसायला नको म्हणून आपण १५ गुणिले १५ करतो. "बाजू गुणिले बाजू" या सूत्राचा अर्थ एवढाच आहे. ही २२५ लाद्यांची मोजणी आहे आणि अशा प्रत्येक लादीला एक चौरस फूट म्हणतात.

मग ६० हे उत्तर कुठून आले? तेही खोटे नाही, ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. १४ एप्रिलला खोलीच्या चारही भिंतींना पताका लावायच्या तर १५ फुटी चौरस खोलीला ६० फूट दोरी लागेल. ती परिमिती. त्याच खोलीत लाद्या बसवायच्या तर २२५ लागतील. ते क्षेत्रफळ. पताकांच्या दोरीने कडेचे माप कळते, लाद्यांनी आतल्या जागेचे. ही एक गोष्ट मुलाच्या डोक्यात बसली, तर पुढची चूक होत नाही.

आता याच ६० फूट दोरीने एक गंमत करून बघा. दोरीचे टोक टोकाला जोडा. बाजू १५-१५ ठेवल्या तर आत २२५ चौरस फूट जागा येते. लांबी २० आणि रुंदी १० ठेवली तर २०० येते. लांबी २५ आणि रुंदी ५ ठेवली तर फक्त १२५. दोरी तीच, पण जागा शंभर चौरस फुटांनी घटली. म्हणून खोली "चांगली लांबलचक" दिसते एवढ्यावर भुलू नये. सारख्याच घेराच्या आयतांमध्ये सर्वांत जास्त जागा चौरसात असते.

एका आजीची गोष्ट

ही २०१२ सालची गोष्ट आहे. आमच्या भागात झोपडपट्टी पुनर्वसनाची बोलणी चालू होती. एक आजी, सारी हयात झाडूकामात गेलेली, कागद घेऊन वर्ग चालू असतानाच विहारात आल्या. त्यांची नात सातवीत होती आणि आमच्याच वर्गात बसायची. कागदावर लिहिले होते, नवीन घराचे चटई क्षेत्र २५ चौरस मीटर.

आजी म्हणाल्या, "सर, जय भीम. त्यो दलाल म्हनतो, एका मीटरात तीन फूट आन् वर थोडं. त्यानं हिशेब करून ८२ फूट काढलं. माजी झोपडी १२० फुटांची हाय. ८२ फुटांच्या घरात आमी सहा मानसं कुठं ऱ्हायाची? त्यो म्हनतो, रोख घ्या, सही करा आन् गावी जावा."

दलालाने २५ ला ३.२८ ने गुणले होते. एका मीटरमध्ये ३.२८ फूट असतात हे खरे, म्हणून ऐकणाऱ्याला हिशेब बरोबर वाटतो. त्याने ते जाणूनबुजून केले की त्यालाच कळत नव्हते, हे मी सांगू शकत नाही. पण सही झाली असती तर आजींचे घर गेले असते.

मी स्वतः उत्तर सांगितले नाही, वर्गालाच कामाला लावले. मुलांनी टेप घेऊन जमिनीवर एक मीटर बाजूचा चौरस आखला. पुठ्ठ्याचे एक-एक फुटाचे चौरस कापले आणि आत मांडले. तीन रांगांत तीन-तीन असे नऊ पूर्ण बसले. तरीही दोन बाजूंना पट्ट्या मोकळ्या राहिल्या. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये नऊहून जास्तच चौरस फूट आहेत, हे सर्वांना दिसले. मग ३.२८ गुणिले ३.२८ केले, उत्तर आले सुमारे १०.७६. त्याला २५ ने गुणले तेव्हा २६९ चौरस फूट झाले.

आजी जमिनीवरच्या खडूच्या रेघा बघत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजी दोन बाजूनं मोजायचं व्हतं, आन् त्यानं येकाच बाजूनं मोजलं."

शाळेची पायरीही न चढलेल्या बाईने एका वाक्यात सारा धडा सांगितला. लांबीचे माप एका बाजूने बदलते, क्षेत्रफळाचे दोन्ही बाजूंनी बदलते. आजींनी सही केली नाही. त्यांची नात आज नोकरी करते आणि जमेल त्या रविवारी वर्गावर येऊन हाच चौरस मुलांना आखून दाखवते.

आपल्या कागदांतले चौरस

एकदा नजर बसली की आपल्या आयुष्यात ठायी ठायी चौरस दिसू लागतात. १९९५ सालच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मुंबईत घर ठरले होते २२५ चौरस फुटांचे. म्हणजे १५ फूट बाजूचा चौरस. २००८ मध्ये ते २६९ झाले. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो २५ चौरस मीटर, म्हणजे ५ मीटर बाजूचा चौरस आहे. २०१८ मध्ये ते ३०० चौरस फूट झाले.

बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. आपल्या कित्येक पिढ्या आणि कितीतरी चळवळी त्या खोल्यांत वाढल्या. पुनर्विकासात तिथे ५०० चौरस फुटांचे घर ठरले. जागा तिपटीहून जास्त झाली. पण दोन्हींचे चौरस कल्पून पाहा. १६० ची बाजू साडेबारा फुटांहून किंचित जास्त येते आणि ५०० ची साडेबावीस फुटांना किंचित कमी. बाजू दुप्पटसुद्धा झाली नाही आणि जागा तिप्पट झाली! बाजू नेमकी दुप्पट केली तर जागा चौपट होते. १० फुटी चौरस मंडपाच्या जागी २० फुटी घातला, तर कापड दुप्पट नव्हे, चौपट लागेल. जयंतीचे अंदाजपत्रक करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

गावाकडे चला. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर लिहिलेले असते. आर म्हणजे १० मीटर बाजूचा चौरस आणि हेक्टर म्हणजे १०० मीटर बाजूचा. येथेही तोच नियम, बाजू दहापट तर क्षेत्र शंभरपट. म्हणून १०० आर म्हणजे एक हेक्टर.

येथे एक गोष्ट मनाला लागते. गावच्या शिवेचा वाद निघाला की पूर्वी महाराची साक्ष काढत. शीव कुठून कुठे जाते हे आपल्या वाडवडिलांना पायाखालच्या वाटेसारखे ठाऊक होते. पण जमिनीचा आकडा लिहिणारी लेखणी त्यांच्या हातात नव्हती. वतनाच्या नावाखाली राबवून घेणाऱ्या त्या व्यवस्थेविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. तुटपुंज्या जमिनीच्या तुकड्यासाठी माणसे बांधली गेली होती. आज लेखणी आपल्या हातात आहे. मग आकडा दुसऱ्याने सांगावा आणि आपण मान हलवावी, हे बरे नव्हे.

घरी मोजताना

पालकांनी एका सुट्टीच्या दिवशी मुलांना टेप देऊन आपली खोली मोजायला लावावी. चार गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली, इंच. १२ फूट ६ इंच म्हणजे १२.६ फूट नव्हे, १२.५ फूट, कारण फुटात १२ इंच असतात. १२.५ गुणिले १२.५ म्हणजे १५६.२५ चौरस फूट. १२.६ धरले तर अडीच चौरस फूट उगाच वाढतात.

दुसरी, कोपरे. चारही बाजू सारख्या असल्या म्हणजे चौरस झाला असे नाही. चौकट एका अंगाला कलली तर बाजू तेवढ्याच राहतात, पण आतली जागा कमी होते. म्हणून दोन्ही कर्ण, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांमधले तिरपे अंतर, मोजावे. दोन्ही सारखे आले तर कोपरे बरोबर. १५ फुटी चौरसात ते २१ फूट अडीच इंचांच्या आसपास येते. आपले गवंडी बांधव एका भिंतीवर ३ फूट आणि दुसरीवर ४ फूट खूण करून मधले अंतर ५ फूट येते का बघतात. ते आले तर कोपरा गुण्यात आहे. त्यांच्या हातातली ही भूमितीच आहे, ती मुलांना जरूर दाखवावी.

तिसरी, एकक. उत्तरापुढे चौरस फूट की चौरस मीटर हे लिहिल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. कागदावर चौरस मीटर असेल तर १०.७६ ने गुणून चौरस फूट काढावेत.

चौथी, कोणते क्षेत्र. घर घेताना चटई क्षेत्र किती, हेच विचारावे. नावातच अर्थ आहे, आत चटई अंथरता येईल तेवढी जागा. स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्यात त्याची व्याख्या दिली आहे. बाहेरच्या भिंतींची जाडी आणि बाल्कनी त्यात धरत नाहीत, आतल्या आडभिंतींची जाडी धरतात. "बिल्ट-अप", "सुपर बिल्ट-अप" अशा मोठ्या आकड्यांनी भारावून जाऊ नये.

बाबासाहेबांच्या शालेय जीवनातला प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले आणि वर्गात गोंधळ उडाला, कारण सवर्ण मुलांचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. डबे हलवल्यावरच त्यांना फळ्यापर्यंत जाता आले. ज्या फळ्यापर्यंत पोहोचायला एवढे सोसावे लागले, त्या फळ्यावरचे गणित आपल्या मुलांनी केवळ गुणांसाठी पाठ करून सोडून द्यावे काय?

तथागतांनी कालामांना सांगितले होते की, ऐकीव आहे म्हणून, कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. घराच्या कागदालाही हाच उपदेश लागू आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर घरातली टेप काढा, मुलीच्या हातात एक टोक द्या, दुसरे आपण धरा. दोन्ही बाजूंनी मोजा.

जय भीम!