वर्गणी, खरी कमाई आणि शाळेचं मंत्रिमंडळ

शाळा सुरू झाली की नांदेड-लातूरकडच्या अनेक शाळांत निवडणुकीचं वारं शिरतं. अर्ज, छाननी, चिन्ह, प्रचार, सगळं रीतसर. पूर्वी वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या असत, आता बऱ्याच ठिकाणी मोबाइलमधल्या अ‍ॅपचं मतदान यंत्र असतं. बोटाला शाई लागते, शपथविधी होतो. मुख्यमंत्री, क्रीडामंत्री, परिपाठमंत्री, पोषण आहारमंत्री ठरतात. त्यांना उपक्रम करायचे असतात, आणि उपक्रमाला पैसे लागतात.

खातं कुणाच्या नावावर?

मंत्रिमंडळाचं स्वतःचं बँक खातं नसतं. पहिली ते आठवीच्या सरकारी शाळेत खर्चाचा निर्णय शाळा व्यवस्थापन समिती घेते. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. महाराष्ट्रात या समितीत दोन विद्यार्थीही घेतात, त्यांत एक तरी मुलगी. मत देता येत नाही, पण बोलता येतं. बैठकीचा निरोप त्या दोघांना गेला नाही, तर ही जागा नुसती रजिस्टरात राहते.

सरकारी पैसा किती?

समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्यापुढे एक लाख. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चावे लागतात. खेळाच्या साहित्याला वेगळी तरतूद आहे: प्राथमिकला ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिकला १०,०००, माध्यमिकला २५,०००. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती यांतून वस्तीवरच्या छोट्या शाळेच्या दहा हजारांत उपक्रमासाठी काय उरणार? हायस्कुलात सत्र शुल्क असतं. खेळ, स्नेहसंमेलन अशा कामांसाठीच ते घेतलं जातं, म्हणून त्याचा हिशेब मागायचा हक्क मुलांचा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

वर्गणी कोणाला वगळते?

उरलेला खड्डा वर्गणीने भरतात, आणि मुलं गळतात ती इथेच. गॅदरिंगच्या समूहनृत्याला ड्रेसचं भाडं लागतं. सहलीला एसटीचे पैसे लागतात. घरी पैसे नाहीत असं मूल वर्गात सांगत नाही. ‘मला नाचायला आवडत नाही’ म्हणतं आणि मागच्या बाकावर जाऊन बसतं. सरांनाही ते खरं वाटतं. कोण सामील आणि कोण बाहेर, हे भाषणं सुरू होण्याआधी, वर्गणीच्या यादीतच ठरून गेलेलं असतं.

मंत्रिमंडळाला यावर पुष्कळ करता येतं. ड्रेस घरातलाच, म्हणजे पांढरा सदरा किंवा आईची साडी, असा ठराव करता येतो. वर्गणीची यादी वाचून न दाखवता बंद डबा ठेवता येतो: ज्याने त्याने जमेल ते टाकावं, कुणी किती टाकलं ते कुणाला कळू नये.

खरी कमाई

याहून चांगली वाट स्काउट-गाइडच्या मुलांना जुनी ठाऊक आहे, खरी कमाई. हातानं काम करायचं आणि मोबदला मिळवायचा. जिल्हा परिषदेच्या शाळांत आनंद नगरी भरते, तिच्या मुळाशी हाच विचार आहे. भेळ, भजी, गुळाचा चहा, शेतातली मेथी, बोरं असं मुलं विकतात आणि गाव विकत घेतं. मात्र ज्याच्याकडे भांडवल त्याचाच स्टॉल, असं झालं तर पुन्हा तेच. म्हणून भांडवल शाळेच्या बचत बँकेतून उसनं द्यावं, गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत आणि नफा एकाच पेटीत जमा व्हावा. जमा, खर्च, शिल्लक तीन ओळींत फळ्यावर लिहावं. अर्थमंत्र्याने हे परिपाठात वाचून दाखवलं की टक्केवारीचं गणित वेगळं शिकवावं लागत नाही.

मंत्री कोण होतं?

नुसत्या मतमोजणीवर सोडलं तर बोलकी, हुशार, गावातल्या मोठ्या घरची मुलं निवडून येतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थी परिषदेत मुलींसाठी आणि मागास प्रवर्गांसाठी जागा ठेवल्या आहेत. शाळेनेही तसंच करावं. भाषेमुळेही मुलं बाहेर राहतात: देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू बोलणारी मुलं आहेत, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, किनवट-माहूरकडे गोंडी आणि गोरमाटी. परिपाठात आठवड्यातून एक दिवस त्यांच्या घरच्या भाषेतली गोष्ट ठेवायला एक रुपयाही लागत नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न कोयत्यावर जाणाऱ्या घरांचा आहे. मुखेड, कंधार, जळकोट भागातल्या वाड्या-तांड्यांवरून आई-बाप उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. मूल हंगामी वसतिगृहात राहिलं तर ठीक, नाहीतर त्याचं मंत्रिपद सहामाहीनंतर दुसऱ्याला जातं आणि मार्च-एप्रिलात ते परततं तेव्हा गॅदरिंगही होऊन गेलेलं असतं. अशा शाळेत प्रत्येक खात्याला दोन मंत्री नेमावेत. गेलेल्याचं नाव फलकावरून पुसू नये. आनंद नगरी पहिल्या सत्रातच, टोळ्या गाव सोडायच्या आत भरवावी.